बांधावरचे शेजारी – भाग ६ : खोपा कुठे टांगलाय?

पाचोडच्या शिवारात मोसंबीच्या बागांमधून फिरताना अजूनही काही जुन्या विहिरी दिसतात. कडेला एखादी बाभूळ, तिची फांदी पाण्यावर झुकलेली, आणि पावसाळ्यात त्या फांदीला लोंबणारे सुगरणीचे खोपे. विणकाम सगळ्यांचं एकाच हातचं वाटावं असं. तरीही एका खोप्यातून पिल्लं उडून जातात आणि त्याच झाडावरचा दुसरा खोपा अर्धवट, रिकामा राहतो. हे असं का होतं?

या पक्ष्याचं घरगुती गणित उलगडलं ते आपल्याच कोकणात. अलिबागजवळच्या किहीमला सलीम अलींनी सुगरणींची एक वसाहत चिकाटीने पाहिली आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात तिच्याबद्दल लिहिलं. बहिणाबाईंमुळे खोपा म्हटलं की आपल्याला आईची माया आठवते. पण विणकर असतो नर. उसाच्या किंवा शिंदीच्या पात्याला कडेला चोचीने खाच पाडायची, टोक धरून उडायचं, म्हणजे लांब धांदोटी सोलून निघते. अशा शेकडो खेपा. खोपा अर्धा झाला की त्याचा आकार शिरस्त्राणासारखा दिसतो आणि खाली एक आडवी पट्टी असते. या टप्प्यावर नर विणायचं थांबतो, पंख फडफडवत ओरडतो आणि माद्या खोपे तपासायला येतात.

एखादीला खोपा पसंत पडला तरच नर तो पुरा करतो. आडव्या पट्टीच्या एका बाजूला अंड्यांची खोली, दुसऱ्या बाजूला खाली उतरणारी नळी. वाऱ्याने खोपा कितीही हेलकावला तरी मधल्या पट्टीमुळे अंडी नळीत घरंगळत नाहीत. सगळं काम मिळून साधारण १८ दिवसांचं. मादी अंडी उबवायला बसली की नर जवळच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. झाडावर लोंबणाऱ्या अर्धवट खोप्यांना काही जण ‘नराचा झोका’ म्हणतात, पण त्यातले पुष्कळसे मादीने नाकारलेले खोपे असतात.

मग मादी तपासते तरी काय? मला स्वतःला वर्षानुवर्षं वाटायचं, वीण. सुहेल क्वाडर या अभ्यासकाने २००५ आणि २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून वेगळं चित्र पुढे आलं. मादीच्या निवडीत विणकामापेक्षा जागेला जास्त वजन होतं. काटेरी झाड, जमिनीपासून उंची आणि त्यातल्या त्यात जाड फांदी, अशा ठिकाणचे खोपे माद्यांना पसंत पडत होते.

जाड फांदीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याला वाटेल, फांदी जितकी बारीक तितकं बरं, साप-उंदीर पोचणार नाहीत. पण शत्रू एकटा साप नसतो. पावसात खोपा भिजतो, जड होतो, वरून वाऱ्याचा तडाखा बसतो, आणि फांदी मोडली की अंड्यापिल्लांसकट सगळं खाली. सापाला अवघड आणि वाऱ्याला पुरून उरेल अशी मधली जागा शोधावी लागते. म्हणूनच झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला खोपे जास्त आढळतात, कारण नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा झाडाच्या घेरावर अडतो. विहिरीत हे सगळं एकत्र जुळून येतं. भोवतीच्या भिंती वारा अडवतात, खाली पाणी असतं, वर काटे असतात, आणि लोंबत्या खोप्याशेजारी कावळ्याला बसायला जागा मिळत नाही.

प्रत्येक पक्षी असा जागेला खर्च करत नाही. त्याच मोसंबीच्या झाडात होला चार काटक्या आडव्यातिडव्या टाकून दोन अंडी घालतो. घरटं इतकं विरळ की खालून अंडी दिसावीत. ते मोडलं तर पुन्हा घालतो, जवळजवळ वर्षभर. टिटवी तर घरटं बांधतच नाही. उघड्या रानात खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची चार अंडी. ती उंचवट्यावर दिसली की यंदा पाऊस चांगला, असं आपल्याकडची जाणती माणसं सांगतात. उन्हाच्या काहिलीत टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते, म्हणून तिला पाणी जवळ लागतं. एवढं करूनही वखराचा एक फेरा चुकला नाही तर सगळं संपतं. अंडी दिसल्यावर तेवढा तुकडा सोडून वखर पुढे नेणारे शेतकरी आहेत. त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

सुगरणीला मात्र सोडलेला तुकडा पुरत नाही, तिला झाड लागतं. नव्या विहिरींच्या काठावर बाभूळ उरत नाही. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाणी भरपूर असतं, पण त्यावर झुकलेली फांदी नसते. उसामुळे धांदोट्यांची ददात नाही, पिकामुळे दाण्याचीही नाही. अडतं ते टांगायच्या जागेपाशी, आणि विणकराचं कसब तिथे कामाला येत नाही.

विहिरीवरची फांदी तोडायचीच असेल तर थोडा हिशेब करा. अंडी उबायला सुमारे पंधरा दिवस, पिल्लं उडायला आणखी तेवढेच, म्हणजे एका खोप्याला महिनाभर तरी द्यावा लागतो. पण एकाच झाडावर एक खोपा आज पुरा होतो, दुसरा तीन आठवड्यांनी. त्यामुळे सप्टेंबर सरेपर्यंत कुऱ्हाड लांबच ठेवा. त्यानंतरही खोपे वाया जात नाहीत. हिवाळ्यात संध्याकाळी विहिरीवर गेलात तर मातकट पाठीच्या, जाड निळसर-करड्या चोचीच्या मुनिया एकामागून एक त्या जुन्या खोप्यांत शिरताना दिसतील. रात्रीपुरत्या, आणि काही वेळा अंडी घालायलाही.