लॉर्ड्सवर भेटला डोंबिवलीकर!

लंडनला हनिमूनला जाऊन अख्खा दिवस टेस्ट मॅच बघणारी नवी नवरी कुणी पाहिली आहे का? मी आहे ना!

आमचं लग्न मे २०१४ मधलं. अगदी कांदेपोहे कार्यक्रमातलं. मी डोंबिवलीची, नवरा ठाण्याचा. व्हिसा लांबला, म्हणून हनिमून जुलैत. नवऱ्याच्या तिथल्या मित्राने आहेर म्हणून हातात ठेवली लॉर्ड्सची दोन तिकिटं. १७ जुलै, भारत-इंग्लंड टेस्टचा पहिला दिवस. मला क्रिकेटचं वेड नाही, पण आहेराला नाही कसं म्हणायचं?

त्यात आदल्याच रात्री आमचं पहिलंवहिलं भांडण झालेलं. आई गेल्यापासून बाबा डोंबिवलीत एकटे. नवं घर त्यांच्या जवळपास बघू या, एवढंच मी म्हटलं. तर साहेब म्हणाले, "डोंबिवलीत आहे काय? गर्दी आणि लोकल!" झालं. सकाळी ट्यूबमध्ये आम्ही दोन अनोळखी प्रवाशांसारखे बसलो होतो.

मॅचही रुसलेलीच. हिरवंगार पिच, इंग्लंडने टॉस जिंकून आपल्याला बॅटिंगला धाडलं आणि १४५ धावांत सात जण तंबूत. नवरा डोकं धरून बसला. एक पोरगा मात्र शांतपणे उभा होता. अजिंक्य रहाणे.

"हा आमच्या डोंबिवलीतल्या एस. व्ही. जोशी शाळेचा," मी न राहवून बोलले. दिवसातलं पहिलं वाक्य! मग थांबलेच नाही. चांगलं कोचिंग परवडत नव्हतं म्हणून सात वर्षांच्या अजिंक्यला वडिलांनी डोंबिवलीतच मॅटिंगच्या विकेटवर खेळायला पाठवलं, प्रवीण अमरे तर खूप नंतर भेटले, सगळं सांगितलं. नवरा मुकाट ऐकत होता.

मैदानात भुवनेश्वर कुमारबरोबर आठव्या विकेटसाठी ९० धावांची भागीदारी झाली. आणि संध्याकाळी आमच्या पोराचं शतक! १५४ चेंडूंत १०३. सगळं लॉर्ड्स टाळ्या वाजवत होतं आणि माझ्या शेजारचा ठाणेकर उभा राहून बोंबलत होता, "डोंबिवलीऽऽऽ!" पुढच्या रांगेतले गोरे आजोबा दचकून मागे वळले.

फोटो नाही, ऑटोग्राफ नाही. बोटभर दिसणारा एक पांढऱ्या कपड्यांतला माणूस, एवढीच आमची 'भेट'. पण बाहेर पडताना नवऱ्याने हळूच विचारलं, "बाबांच्या बिल्डिंगजवळ टू बीएचके मिळेल का गं?"

२१ जुलैला भारत ९५ धावांनी जिंकला. लॉर्ड्सवर १९८६ नंतर पहिल्यांदाच! आम्ही हॉटेलच्या टीव्हीसमोर, बाबा फोनवर.

अजिंक्यचं नाव लॉर्ड्सच्या ऑनर्स बोर्डावर लागलं. आमचं लागलं डोंबिवलीतल्या एका दारावर, बाबांच्या घरापासून दोन बिल्डिंग सोडून. नवरा आजही रोज गर्दीला शिव्या घालतो. डोंबिवलीला मात्र चुकूनही नाही!