मराठी प्रेमकादंबरीतील भेटीची जागा : घर, गाव आणि योगायोग

ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांवर मराठी समीक्षेने जे आक्षेप घेतले, त्यांत योगायोगाचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत सर्वमान्य आहे. सायकलीचा वा मोटारीचा किरकोळ अपघात व्हावा, आगगाडीच्या डब्यात समोरासमोर जागा मिळावी, टेनिसच्या मैदानावर किंवा थंड हवेच्या ठिकाणी नजरानजर व्हावी आणि तेवढ्या भांडवलावर पुढचे प्रेमप्रकरण उभे राहावे, हा साचा इतका परिचित झाला आहे की पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो 'तंत्रशरणता' या शब्दासह हमखास भेटतो. आक्षेप खोटा नाही. परंतु तो घेताना एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. ज्या समाजात ही कादंबरी लिहिली आणि वाचली जात होती, त्या समाजात अविवाहित तरुण आणि अविवाहित तरुणी यांनी योगायोगाखेरीज भेटावयाचे तरी कोठे?

प्रेमकादंबरीला नायक, नायिका आणि अडथळा यांच्याइतकीच भेटीच्या जागेची गरज असते. ही जागा लेखकाला कल्पनेने निर्माण करता येत नाही; ती समाजाने आधी मान्य केलेली असावी लागते. ती नसेल तर लेखकाला अपघात घडवून आणावा लागतो. लहान गावातील कुटुंब आणि त्या कुटुंबातील तरुण माणसांनी केलेला प्रेमाचा शोध हा विषय घेणाऱ्या कादंबऱ्यांना ही अडचण अधिकच जाणवते, कारण लहान गावात अनोळखी माणूस नसतो आणि एकांतही नसतो.

तुलनेसाठी या प्रकाराचा इंग्रजीतील मूळ नमुना पाहणे उपयुक्त ठरेल. जेन ऑस्टिनने १८१४ मध्ये आपल्या लेखनेच्छू पुतणीला पत्रातून असे सुचविले होते की, एखाद्या खेड्यातील तीन-चार कुटुंबे ही कादंबरीला पुरेशी सामग्री आहे. तिच्या स्वतःच्या कादंबऱ्या याच सामग्रीवर उभ्या आहेत. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मध्ये मेरिटन हे छोटे गाव आणि त्याच्या आसपासची घरे; 'एमा' (१८१५ अखेर) मध्ये हायबरी. या कादंबऱ्यांत तरुण-तरुणींची पहिली भेट कशी होते, हे बारकाईने पाहिले पाहिजे. नवा श्रीमंत शेजारी आला की घरच्या कर्त्या पुरुषाने त्याला प्रथम भेटून यावयाचे. तोवर घरातील स्त्रियांची त्याच्याशी ओळख होऊ शकत नाही. श्रीमती बेनेटचा नवऱ्यामागील लकडा हा केवळ विनोद नाही. ती समाजव्यवस्थेची अट आहे. त्यानंतर सार्वजनिक नृत्यसभा, परतभेट, जेवणाचे निमंत्रण, पियानो, चर्च आणि पायी फिरणे. प्रत्येक ठिकाणी वडीलधाऱ्यांचा डोळा आहे. परंतु तो डोळा भेट रोखण्यासाठी नाही. ती नीट पार पडावी म्हणून आहे. मुलगा नसल्याने बेनेटची मालमत्ता दूरच्या नातलगाकडे जाणार आहे आणि पाच मुलींची लग्ने व्हावयाची आहेत. म्हणून कुटुंबाचा व्यवहार आणि मुलीची निवड एकाच दिवाणखान्यात समोरासमोर येतात. ऑस्टिनलाही योगायोग वर्ज्य नाही. पेंबर्लीच्या आवारात एलिझाबेथ आणि डार्सी अकस्मात समोर येतात तो योगायोगच होय. मात्र तोवर त्यांची ओळख होऊन, एक मागणी घातली जाऊन ती नाकारलीही गेलेली असते. तिथे योगायोग कथेला वळण देतो. कथेचा पाया घालण्याचे काम त्याच्याकडे नाही.

मराठी कादंबरीच्या वाट्याला असा दिवाणखाना आला नाही. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती मांडताना 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन कादंबऱ्यांपासून तीन प्रवाह दाखविले. त्यांपैकी प्रेमाचा विषय 'मुक्तामाले'च्या अद्भुतरम्य वळणाने गेला, याचे कारण केवळ लेखकांच्या अभिरुचीत शोधणे अपुरे आहे. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्यावरून जेथे एवढा गदारोळ उठला, तेथे वयात आलेली आणि अविवाहित अशी मुलगी वास्तव कथेला मिळणार कोठून? समोर घडणाऱ्या जीवनात जी गोष्ट नव्हती ती राजपुत्रांच्या आणि अरण्यांच्या प्रदेशातच घडवावी लागली.

ह. ना. आपटे यांचे मोठेपण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून १८९० पासून क्रमशः आली. तिच्यात प्रेम आहे. पण ते विवाहानंतरचे आहे. यमू आणि रघुनाथराव हे नवराबायको आहेत, तरीही सासरच्या एकत्र घरात त्यांना एकमेकांशी बोलावयास जागा नाही. वडीलमाणसांसमोर नवऱ्याशी बोलणे हा मर्यादाभंग. त्यांचे सहजीवन खऱ्या अर्थाने सुरू होते ते मुंबईतील वेगळ्या बिऱ्हाडात. मराठी वास्तववादी कादंबरीतील भेटीची पहिली जागा कोणती असे विचारल्यास 'नवराबायकोचे वेगळे बिऱ्हाड' हे उत्तर द्यावे लागेल. नवऱ्याच्या मृत्यूनंतर यमूला पुन्हा त्याच घरात परतावे लागते आणि तेथे तिचे केशवपन होते. तिची वेदना वैधव्याची तर आहेच. पण मिळालेली जागा गमावल्याचीही आहे.

पुढील पन्नास वर्षांत परिस्थिती पालटली. पुण्यात १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली होती. १९१६ मध्ये कर्व्यांचे महिला विद्यापीठ स्थापन झाले. हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा १९२९ चा कायदा मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरवून गेला. प्रत्यक्षात शहरी पांढरपेशा घरांतील मुलींची लग्ने त्याहूनही लांबू लागली होती. म्हणजे प्रेमकादंबरीची नायिका आता वास्तवात अस्तित्वात आली होती. पण तिला भेटण्याची रीत अजून अस्तित्वात आली नव्हती. फडके यांची कादंबरी नेमक्या या मधल्या काळातील आहे. महाविद्यालयात मूठभर मुली असत, त्या वर्गात वेगळ्या बसत आणि त्यांच्याशी बोलावयास निमित्त लागे. अपघात हे असे निमित्त होते की ज्याचा दोष कोणाकडेच जात नाही. मुलगी पुढाकार घेणारी ठरत नाही आणि मुलगा उच्छृंखल ठरत नाही. वामन मल्हार जोशी यांनी 'इंदू काळे व सरला भोळे' मध्ये पत्रांचा अवलंब केला, तोही अंशतः याच अडचणीचा परिहार होय. पत्रात माणसे जे बोलू शकतात ते त्या काळच्या ओसरीवर बोलू शकत नव्हती.

या कादंबऱ्यांत लहान गाव असते, परंतु ते पाठीमागे असते. तेथून मनिऑर्डर येते, वडिलांचे पत्र येते, स्थळ ठरल्याची तार येते. वि. स. खांडेकर यांनी ते काही प्रमाणात पुढे आणले. १९२० ते १९३८ हा काळ ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, आणि 'उल्का'सारख्या कादंबरीत ध्येयवादी शिक्षकाच्या घराची हवा आहे ती या अनुभवातून आलेली. १९३० मध्ये शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला. त्या चळवळीने स्त्रियांना उंबऱ्याबाहेर आणले आणि कादंबरीला भेटीची एक नवी, प्रतिष्ठित जागा दिली. खांडेकरांची माणसे ध्येयाच्या निमित्ताने एकत्र येतात. दुर्दैव असे की बहुधा ती ध्येयाविषयीच बोलत राहतात. विभावरी शिरूरकर यांच्या 'हिंदोळ्यावर' (१९३४) मधील अचला मात्र टाकलेली स्त्री असून विरागबरोबर विवाहाविना संसार मांडते. हिंदू स्त्रीला मुंबई प्रांतात घटस्फोटाचा मार्ग १९४७ मध्ये खुला झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या घराला किती मोठी किंमत होती ते कळते.

लहान गाव पार्श्वभूमीतून उठून भेटीची जागा होते ते स्वातंत्र्यानंतरच्या दोन कोकणी कादंबऱ्यांत, आणि येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.

गो. नी. दांडेकर यांच्या 'शितू' (१९५३) मध्ये योगायोगाची गरजच उरलेली नाही. बालविधवा शितू खोतांच्या घरी आश्रयाला आलेली; विसू हा त्या घरचा मुलगा. दोघे रोज एकमेकांसमोर आहेत. घर हीच भेटीची जागा; आणि नेमकी म्हणूनच ती बोलण्याची जागा नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात महाराष्ट्रातील मामेबहिणीशी विवाहाच्या प्रथेची चर्चा केली आहे. मराठी घरात एकत्र वावरणाऱ्या तरुण-तरुणीचे नाते आधीच ठरलेले असते. एक तर ती भावंडे, नाहीतर मामाची मुलगी म्हणून पुढेमागे लग्नास योग्य. शितू यांपैकी कोणीच नाही. तिच्या भावनेला नात्याच्या भाषेत नाव नाही, आणि गावापाशी नात्याखेरीज दुसरी भाषा नाही. कादंबरीतील न बोलणे अनेकांना काव्यात्म वाटते. ते तसे आहेही. परंतु त्याच्या मुळाशी ही अगदी गद्य अशी अडचण आहे. शेवट शितूच्या मृत्यूत होतो तो केवळ करुणरसाच्या सोयीसाठी, असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल.

श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) मध्ये याच्या अगदी उलट घडते. तेथे भेटीची जागा घराबाहेर आहे : रावजीचे चहाचे हॉटेल. कोकणातील खेड्यात चहाचे हॉटेल ही चमत्कारिक जागा होती. देऊळ, खोताची ओटी आणि पाणवठा या तिन्ही ठिकाणी कोणी कोठे बसावे हे ठरलेले. हॉटेलात मात्र पैसे देणारा कोणीही बसू शकतो. कुलीन घरची स्त्री तेथे फिरकत नाही. म्हणून तेथे वावरणारी राधा गावाच्या दृष्टीने आधीच मर्यादेबाहेरची आहे. बापूही गावाच्या कडेचाच. दोघांनाही गमावण्यासारखी प्रतिष्ठा नसल्यामुळे ते सरळ बोलू शकतात. पेंडशांनी येथे योगायोगाचा आधार घेतलेला नाही, आडपडदाही ठेवलेला नाही. लहान गावातील प्रेमाचा खरा अडथळा खलपुरुष नसून बोभाटा असतो, हे त्यांनी ओळखले. आणि ज्याला बोभाट्याची भीती उरलेली नाही असा नायक उभा करून त्यांनी तो अडथळाच कथेचे इंधन केला. अण्णा खोतांची सत्ता बापूला हाकलू पाहते, पण सुपारीच्या व्यापारात तो वर येतो आणि गावाची भाषा बदलू लागते. प्रेमाला न मिळालेली मान्यता पैशाच्या पाठोपाठ येते, हे पेंडसे फार शांतपणे दाखवितात.

यानंतरची लोकप्रिय कादंबरी ही वाचनालयांची कादंबरी आहे. चंद्रकांत काकोडकर, बाबा कदम, योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर ही नावे विद्यापीठीय चर्चेत क्वचितच येतात. तालुक्याच्या वाचनालयात मात्र ती कपाटात थांबत नसत. काकोडकरांचे उदाहरण बोलके आहे. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वर आधारलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला. त्याचा जीव प्रेमप्रकरणात नाही, एकत्र घर टिकते की मोडते यात आहे. एकाच लेखकाच्या प्रेमचित्रणाला समाज एकीकडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो आणि दुसरीकडे सहकुटुंब पाहतो. फरक पडतो तो प्रेमाच्या भोवती घर आहे की नाही यामुळे.

येथे योगायोगाविषयीचे वरील समर्थनही मर्यादित करावे लागते. १९४८ मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, १९५८ मध्ये मराठवाडा आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढच्या काळात तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघाली. फडक्यांच्या नायकाचे महाविद्यालय घरापासून दूर होते. आता ते त्याच गावात, वडिलांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आले. बसथांबा, वाचनालय, स्नेहसंमेलनाची तालीम, वाड्यातील नवे बिऱ्हाडकरू अशा भेटीच्या खऱ्या जागा उपलब्ध झाल्या. तरीही लोकप्रिय कादंबरी अपघातच घडवीत राहिली. १९३० मध्ये जी गरज होती ती १९७० मध्ये केवळ सवय होती, आणि समीक्षेचा जुना आक्षेप या टप्प्यावर पूर्णपणे लागू पडतो. शिवाय या कादंबऱ्यांतील योगायोग एका बाबतीत कमालीचा सावध असतो : अकस्मात भेटलेली माणसे बहुधा एकमेकांना शोभणाऱ्या जातीचीच निघतात. तो सावधपणा काढून घेतला तर तालुक्याच्या गावातील प्रेमकथेचे काय होते, ते नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटाने दाखविले.

या साहित्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या संशोधकाने कादंबऱ्यांइतकेच लक्ष वाचनालयांच्या जुन्या देवघेव-नोंदवह्यांकडे द्यावयास हवे, आणि त्या रद्दीत जाण्यापूर्वी द्यावयास हवे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानासाठी नोंदी ठेवणे भाग पडले, त्यामुळे कोणते पुस्तक किती वेळा आणि किती दिवसांसाठी गेले, याचा माग लहान गावांतही लागू शकतो. सभासदाच्या रकान्यात मात्र पुष्कळदा घरातील पुरुषाचे नाव असते. पुस्तक बदलून आणावयास तोच जात असे. दुपारी, घर निजलेले असताना, ते कोण वाचीत होते याची नोंद त्या वहीत नाही.