चाळिशीनंतरची ‘स्वेच्छा’

नवी मुंबई विमानतळावरून २०२५ च्या डिसेंबरात प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि पनवेल परिसरात रोजगाराची चर्चा नव्या उमेदीने होऊ लागली. ही उमेद रास्तच आहे. परंतु या चर्चेत तरुणांखेरीज कोणाचे नाव निघत नाही. तळोज्याच्या कारखान्यात किंवा एखाद्या खाजगी कचेरीत वीस-बावीस वर्षे काढून सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी बसलेला माणूस या हिशेबात कोठेच नसतो. जाहिरातीतील कमाल वयाची अट त्याला दारातच अडवते. राज्य शासनाच्या सेवेत शिरण्याची सर्वसाधारण वयोमर्यादाही खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी मिळते. मधली अकरा वर्षे नेमकी मुलांच्या शिक्षणाची आणि घराच्या हप्त्यांची असतात.

अशा माणसाला विचारले, तर तो ‘मला काढले’ असे सांगत नाही. ‘मी राजीनामा दिला’ असे सांगतो. त्याला साहेबांच्या खोलीत बोलावलेले असते, टंकलिखित कागद तयार असतो आणि आज सही केली तर अमुक रक्कम, उद्याची हमी नाही, असे सौम्य शब्दांत सुचवलेले असते. या प्रकाराला आपण स्वेच्छा म्हणतो.

वस्तुतः हा प्रश्न कायद्यातील एका रिकाम्या जागेचा आहे. राज्यघटनेच्या १५ व्या आणि १६ व्या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे; त्या यादीत वय नाही. समतेचा १४ वा अनुच्छेद शासनाविरुद्ध व शासकीय उपक्रमांविरुद्ध उपयोगी पडतो, खाजगी मालकाविरुद्ध नव्हे. एअर इंडिया त्या काळी सरकारी होती, म्हणूनच तिच्या हवाई सुंदरींना त्याचा आधार घेता आला. त्यांना पस्तिसाव्या वर्षी निवृत्त करणारा आणि पुढील मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडणारा नियम होता. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अनिर्बंध मर्जी रद्द केली. पुरुष कर्मचारी ५८ पर्यंत काम करत असताना स्त्रियांना निराळी वयोमर्यादा असणे मात्र मान्य केले. अमेरिकेने चाळिशीपुढील नोकरदारांसाठी १९६७ मध्येच स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे खाजगी नोकरीसाठी तसा कायदा नाही.

मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. सेवाकाळाबरोबर पगार वाढतो आणि एका जुन्याच्या पगारात दोन नवे मिळतात. हा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. एडवर्ड लेझियर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये असे मांडले, की दीर्घ नोकरीत माणूस पूर्वार्धात आपल्या कामाच्या मोलापेक्षा कमी घेतो आणि उत्तरार्धात अधिक. म्हणजे तरुणपणी तो मालकाकडे जणू ठेव ठेवत असतो. त्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी पाठवणे म्हणजे ती ठेव बुडवणे होय.

आपल्या कायद्यात वय नसले, तरी ज्येष्ठता आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगारकपातीसाठी ‘शेवटी आलेला प्रथम जाईल’ हे तत्त्व घातले आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई ठरवली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ही दोन्ही तत्त्वे ठेवली आहेत. परंतु स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याच्या व्याख्येत कपात नव्हेच! ज्येष्ठतेने मिळालेले संरक्षण एका सहीने नाहीसे होते, ते असे. शासनाचे धोरणही याला पूरकच ठरले. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवर ५ लाखांपर्यंत करसवलत देताना १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांनी वयाची ४० वर्षे किंवा १० वर्षांची सेवा अशी अट घातली होती.

म्हणून कायद्याचा सल्ला सही करण्यापूर्वी घ्यावा; सही झाल्यावर वकिलाच्या हाती फारसे काही उरत नाही. सही दबावाखाली झालीच असेल, तर तसे ताबडतोब लेखी कळवावे. आपण ‘अधिकारी’ आहोत, कामगार नव्हे, या समजुतीने अनेक जण गप्प बसतात. पण अरकल गोविंदराज राव यांच्या प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष आणि मुख्य काम काय होते, ते पाहिले. तेव्हा नेमणूकपत्र, पगारपत्रके आणि कामाचे स्वरूप दाखवणारे कागद जपून ठेवावेत. दिरंगाईही परवडणारी नाही. बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे थेट अर्ज करण्याची जुन्या कायद्यातील तीन वर्षांची मुदत नव्या संहितेने दोन वर्षांवर आणली आहे. वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना मोफत साहाय्याचा हक्क दिला आहे, हे ध्यानात ठेवावे.

मात्र केवळ व्यक्तीच्या सावधपणावर सारा भार टाकणे न्याय्य नव्हे. याबाबतीत महाराष्ट्राजवळ स्वतःचाच एक धडा आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या १९७७ च्या कायद्याने राजीनाम्याची रीतच ठरवून दिली: पत्राच्या दोन प्रती, दोहोंवर सही व तारीख, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे आणि दुसरी स्वतःजवळ. संस्थाचालकाच्या खोलीत घेतलेल्या सहीवर विश्वास ठेवू नये, एवढे शहाणपण या राज्याने तेव्हाच दाखवले होते. शिक्षकांना मिळालेले हे संरक्षण कारखान्यातील आणि कचेरीतील माणसाला का मिळू नये? राजीनाम्याला अशी रीत असावी, तो मागे घेण्यास काही दिवसांची मुभा असावी आणि कामाच्या स्वरूपामुळे आवश्यक नसेल, तेथे जाहिरातीतील वयाची अट बेकायदा ठरावी. या मागण्यांत अवाजवी काही नाही.

आज विमानतळावर पंचविशीत कामाला लागणारा तरुण दोन दशकांनी याच उंबरठ्यावर येणार आहे. तेव्हा त्याच्यापुढे कागद सरकवला गेला, तर त्याला नकार देता यावा, एवढी तरतूद आपण आजच करून ठेवली पाहिजे.