बऱ्हाणपूरचा ऱ्हास व तेथील एक संस्कृत शिलालेख

तापीतीरावरील बऱ्हाणपूर हें एके काळीं विणकरांचें मोठें शहर. येथील तलम कापड इराण, तुर्कस्थान व पोलंड येथवर जाई, असें सतराव्या शतकांतील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो. आणि शहर पुष्कळसें मोडकळीस आल्याचेंही तोच नमूद करतो. तेव्हां या ऱ्हासाचें सारें खापर विलायती गिरण्यांवर फोडतां येत नाहीं.

उद्योग खालावला तरी वास्तू उभ्या आहेत. प्रवासी मुमताजमहालच्या (मृत्यु १६३१) आठवणींत रमतात. जुम्मा मशिदींतील संस्कृत लेखाकडे क्वचितच कोणी वळतो. सृष्टिकर्त्यास नमन करून आरंभलेला हा लेख आदिलशहा फारुकीचा, शके १५११ चा आहे. त्यांत राजामलिकापासूनची वंशावळ असून मशिदीचा काळ संवत्, शक, तिथि व वार यांसह दिला आहे. फारसी तवारिखांतील वंशावळी याच्याशीं ताडूनच स्वीकाराव्या. लेख खुद्द घराण्यानें कोरविलेला आहे. अर्थात् कुलाभिमानही त्यांत असणारच.