सॅल्मनचे राखणदार

उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाला अलास्का हा विस्तीर्ण व अतिशय विरळ वस्तीचा प्रदेश आहे. १८६७ साली अमेरिकेने तो रशियाकडून विकत घेतला आणि १९५९ साली त्याला राज्याचा दर्जा मिळाला. त्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला ब्रिस्टल नावाचा उपसागर आहे. नुशागाक, क्विचाक इत्यादी नद्या त्याला येऊन मिळतात. या नद्यांची खरी संपत्ती म्हणजे सॅल्मन मासा.

पहिला पाऊस पडला की आपल्याकडे ओढ्यानाल्यांतून चढणीचे मासे वर धावतात. सॅल्मनचा प्रवासही याच प्रकारचा. परंतु तो फार दूरचा आहे. येथील सॉकआय जातीचा सॅल्मन गोड्या पाण्याच्या तळाशी, खड्यांच्या आड जन्मतो. एकदोन वर्षे सरोवरात वाढून तो समुद्रात जातो, तेथे दोनतीन वर्षे हिंडतो आणि मग एका उन्हाळ्यात नेमका आपल्या जन्मस्थानाकडे परत फिरतो. एवढ्या अफाट समुद्रातून येऊन तो आपला ओढा ओळखतो कसा? त्या पाण्याचा वास त्याच्या स्मरणात राहिलेला असतो! परतताना त्याचे रुपेरी अंग लालभडक व डोके हिरवे होते. अंडी घालून झाली की तो मरतो, आणि त्याच्या देहावर अस्वले, गरुड व पाण्यातील कीटक पोसतात. जगातील सॉकआय सॅल्मनपैकी सुमारे निम्मे मासे या एकाच उपसागरातून येतात. २०२२ साली तर सुमारे ७ कोटी ९० लाख मासे परतले.

याच नद्यांच्या उगमाजवळ, राज्याच्या मालकीच्या सार्वजनिक भूमीत, विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तांबे व सोने यांचा प्रचंड साठा आढळला. त्याला पेबल असे नाव पडले. तांबे कोणाला नको? विजेच्या तारेपासून पाण्याच्या बंबापर्यंत ते सर्वत्र लागते. परंतु येथील खनिजात तांब्याचे प्रमाण शेकड्याला १ भागही नाही. उरलेला सारा दळलेला गाळ धरणे बांधून कायमचा कोंडून ठेवावा लागला असता. योजनेतील खड्डाच सुमारे २ किलोमीटर लांब व ६०० मीटर खोल होता. शिवाय पाण्यात तांब्याचा किंचित अंश मिसळला, तरी सॅल्मनची वास घेण्याची शक्ती मंदावते, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. ज्याला वासावरून घर शोधायचे, त्याच्यावर हा केवढा आघात!

या खाणीला सर्वांत आधी व सर्वांत निकराने विरोध केला तो युपिक व देनाइना या मूळच्या रहिवाशांनी. हजारो वर्षे त्यांचे अन्न हाच मासा आहे. जाळी टाकून पोट भरणारे कोळीही त्यांच्या बाजूला आले. त्यांच्याबरोबर आणखी एक वर्ग उभा राहिला, तो म्हणजे शिकारी आणि हौसेने गळ टाकणारे लोक.

जे मासे मारतात त्यांनीच मासे वाचवावेत, हे तुम्हांला चमत्कारिक वाटेल. आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार सामान्यतः बंद झाली आहे. अमेरिकेत मात्र ठरावीक हंगामात, परवाना घेऊन आणि नेमून दिलेल्या संख्येत शिकार करता येते. तेथे १९३७ पासून बंदुका व काडतुसे यांवर, तर १९५० पासून मासेमारीच्या साहित्यावर कर बसवून तो पैसा वन्य जीवांच्या व माशांच्या जोपासनेकडे वळवण्यात आला. गळ घेऊन तासन्‌तास नदीकाठी बसणाऱ्याला पाण्याचा रंग बदललेला लगेच कळतो. मूस व कॅरिबू यांच्या मागे पायी हिंडणाऱ्यालाही रानाची वाट तोंडपाठ असते. अशी नदी बिघडली तर दुसरी आणायची कोठून, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

२०१० साली मूळच्या रहिवाशांच्या सहा समाजांनी पर्यावरण रक्षणाच्या सरकारी खात्याकडे दाद मागितली. २०१४ साली खात्याने खाणीवर निर्बंध सुचवले. २०१९ साली मात्र ती सूचना त्याने स्वतःच मागे घेतली. तेव्हा ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही गळ टाकणाऱ्यांची संस्था न्यायालयात गेली. ही संस्था १९५९ साली मिशिगन राज्यात, एका नदीच्या काठी स्थापन झालेली. २०२१ साली वरिष्ठ न्यायालयाने तिचे म्हणणे उचलून धरले. दरम्यान २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सैन्याच्या अभियंता विभागाने खाणीला परवाना नाकारला होता. अखेर जानेवारी २०२३ मध्ये पर्यावरण खात्याने आपला अंतिम निर्णय दिला: खाणीचा गाळ व भराव या उगमाच्या ओढ्यांत टाकता येणार नाही. खाण झाली असती तर लहानमोठ्या ओढ्यांची सुमारे १६० किलोमीटर लांबी बाधित झाली असती, असा खात्याचा हिशेब होता.

खाणीच्या कंपनीला व अलास्काच्या राज्य शासनाला हा निर्णय मान्य झाला नाही. त्यांनीही न्यायालयाची पायरी चढली. तांबे आणि सोने अद्याप जमिनीतच आहे, आणि त्याच्या वरून ते ओढे वाहत आहेत.