मुठीत कळणारं खत

माझं माहेर मेढ्याचं, सासर सांगलीचं. मेढ्याची माती तांबडी, पाऊस लागला की दिवसचे दिवस उघडीप नाही. सांगलीची माती काळी, कृष्णाकाठची, एप्रिलात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी. दोन्ही घरी मी खत केलंय आणि एक गोष्ट पक्की शिकले: घरचं खत बिघडतं ते बहुतेकदा पाण्यापायी.

सांगलीत पहिल्या वर्षी नुसता ओला कचरा हौदात टाकत गेले. भाजीची देठं, केळीच्या साली, चहाचा चोथा. आठ दिवसांत असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या. ओल्या गोळ्यात हवा खेळत नाही, मग कुजायच्या ऐवजी सगळं सडतं. शिवाय कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब लागतो. नत्र असतं शेणात, हिरव्या पाल्यात, कर्ब वाळक्यात. आणि वाळक्याला आपल्याकडे काय तोटा? ऊस कारखान्याला गेला की रानात पाचटच पाचट. किती जण ते पेटवून देतात! त्याची काळी राख दोरीवरच्या धुण्यावर येऊन पडते, तेव्हा माझा जीव तुटतो. वर्षभराचं खत जळालेलं असतं ते.

आता मी पाचट कोयत्याने वीत-वीतभर तोडून ठेवते. हौद तीन फूट लांब, रुंद, उंच; विटांमध्ये फटी सोडलेल्या. तळाला काटक्या आणि नारळाच्या शेंड्या. वर ओल्याचा एक थर, त्याच्या दुप्पट पाचट, शेणकाल्याचा शिंपडा, मूठभर जुनं खत. असा हौद एका दमात भरला तर तीन-चार दिवसांत आत हात घालवत नाही, ५५-६० अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेत तणाचं बी मरतं. रोज थोडंथोडं टाकलं तर एवढी ऊब धरत नाही, पण खत होतं. वेळ जास्त लागतो. दर पंधरवड्याला खालवर करायचं.

तेव्हाच मूठ बघायची. हौदातलं मूठभर घ्या, घट्ट दाबा. बोटांतून एखादा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर पाचट घाला. मूठ उघडताच सगळं सुटं झालं तर पाणी शिंपडा. मेढ्याला आई हौदावर पत्रा टाकते, नाहीतर पावसात खताचा कस वाहून जातो. इथे उन्हाळ्यात मी ओलं गोणपाट अंथरते.

शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांनी शेतकऱ्यांच्या 'प्रयोग परिवारा'तून पाल्या-पाचटाचं हेच मोल सांगितलं होतं. दहा गुंठ्यांत कुटुंब जगू शकतं, पण आधी पालापाचोळ्यातून माती घडवा. सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांनी त्यांच्यासोबत आपापल्या बागेत प्रयोग केले. मला तर दहा कुंड्यांचीच माती घडवायची होती.

तीन-चार महिन्यांनी खत काळसर, भुसभुशीत होतं. त्याला पहिल्या पावसाचा वास येतो आणि त्यात साल कुठली, पाचट कुठलं, ओळखू येत नाही. ओळखू येत असेल तर थांबा. कच्चं खत मातीतलंच नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं.

ऊसवाल्या दादांना एवढीच विनंती: फड पेटवायच्या आधी चार गोण्या पाचट बांधावर काढून ठेवा. आम्ही बायका येऊन घेऊन जाऊ.