लेणी चढायची, तर तयारी आजपासून

थंडी पडली की वस्त्यावस्त्यांतील महिला मंडळे आणि विहार समित्या लेण्यांची सहल काढतात. बस पायथ्याशी थांबते. तरुण मंडळी भराभर वर जातात आणि आई, आजी, मावशी डबे सांभाळत खालीच बसतात. ज्या माउलींनी घरात धम्म टिकवला, त्यांनाच चैत्य पाहायला मिळत नाही. हे बदलता येईल. त्यासाठी हवा फक्त आठ आठवड्यांचा सराव.

लोणावळ्याजवळचे कार्ले घ्या. सुमारे साडेतीनशे पायऱ्या. वर १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच असा भव्य चैत्य, छताला आजही लाकडी कमानी. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकटचा एक सुतारही आहे. कष्टकऱ्यांच्या हातांनी उभे राहिलेले हे वैभव कष्टकऱ्यांच्या घरातील प्रत्येकाने पाहिले पाहिजे.

पण उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी वीस मजले चढू नका. सोण कोळिविस हा सुखवस्तू घरातला भिक्खू. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. शरीराचेही तसेच आहे.

चाळीच्या किंवा इमारतीच्या एका मजल्याला साधारण अठरा ते वीस पायऱ्या असतात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड चार मजले चढा. नंतर दर आठवड्याला दोन मजले वाढवा. आठव्या आठवड्यात सोळा मजले होतील, म्हणजे कार्ल्याच्या जवळपास. इमारत दोनच मजल्यांची असेल तर फेऱ्या मारा. मधल्या दिवशी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. मांड्यांना बळ येते.

पाऊल पायरीवर पूर्ण टेकवा. कठडा धरण्यात कमीपणा नाही. चढताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे; बोलणे तुटू लागले की थांबा. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, तेव्हा घाई नको. एक गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा.

रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. सहलीच्या दिवशी गोळी चुकवू नये. मधुमेहींनी उपाशीपोटी चढू नये. छातीत दुखले, चक्कर आली, तर तेथेच बसावे आणि सोबत्यांना सांगावे. 'सगळ्यांना माझ्यामुळे थांबावे लागेल' म्हणून गप्प राहणे धोक्याचे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी, १४ ऑक्टोबरला, सराव सुरू केला तर ६ डिसेंबरचे अभिवादन करून परतल्यावर आठ आठवडे पुरे होतात. मग सहल ठरवा. ऊन चढण्याआधी निघा, पायात घट्ट बसणारे बूट असू द्या, ओझे तरुणांच्या खांद्यावर द्या. आणि मंडळाने एक नियम करावा : सर्वांत हळू चालणारी उपासिका सर्वांत पुढे. तिच्या चालीने सारे चालले, तर चैत्यासमोर त्रिसरण-पंचशील घेताना एकही माणूस खाली राहणार नाही.